दहा रुपयांचा फॉर्म

सकाळी ६.३० – घाटंजी तालुक्यातलं गाव. कापूस फुटलाय. आशाताईंच्या पिशवीत फॉर्मचा गठ्ठा, मोजपट्टी, पेन, पाण्याची बाटली. नऊनंतर घरांना कुलपं लागतात, म्हणून आत्ताच निघायचं. तिशीपुढच्या प्रत्येक माणसाच्या आरोग्याचा एक फॉर्म. भरल्याचे आशा सेविकेला दहा रुपये.

७.१५ – वय विचारतात. कमरेचा घेर मोजतात. खर्रा खाता का? इथे सगळे एकमेकांकडे बघतात. ‘नाही’ येतं, ताई शांतपणे डबी ठेवलेल्या कोनाड्याकडे बघतात. मग ‘कधीमधी’ येतं. फॉर्मच्या दुसऱ्या भागात छातीचे प्रश्न आहेत: गाठ, बोंडातून रक्त, आकारात फरक. ते सासूसमोर विचारता येत नाहीत. “मावशी, जरा चहा टाका जी,” म्हणून सासूला आत धाडलं जातं.

८.२० – पंचेचाळिशीची बाई. डोक्याला रुमाल बांधून निघायच्या बेतात.

“गाठ हाय ताई. पन दुखत नाई.”

“कधीपासून?”

“पोळ्यापासून.”

“मंग सांगितलं काहून नाई, काकू?”

“दुखत नाई तं काहाले सांगू?”

न दुखणाऱ्या गाठीलाच जपावं लागतं, हे ताई सांगतात. स्वतः हात लावत नाहीत. ते नर्सबाईंचं काम. आज उपकेंद्रात त्या आहेत. पण वेचणी किलोला दहा रुपये आहे. पूर्ण दिवसात पन्नास किलो होतो. शेवटी ठरतं, जेवणाच्या सुट्टीत जायचं.

१२.३० – वावरात धुऱ्यावर डबे उघडलेत. ओट्या कमरेलाच. ताई स्वतःच्या हातावर दाखवतात: तीन बोटं जुळवायची, पेरांनी गोल गोल दाबत जायचं, काखेपर्यंत. कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंड आत गेलं, तर लगेच सांगायचं. बायका हसतात. एक विचारते, “मशीन नाई का याची?” मशीन आहे, यवतमाळला. पण मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षं, दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांना शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासलं. या गटात पन्नाशीपुढच्या बायकांचे स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. ऑक्टोबरात या कॅन्सरच्या जागृतीसाठी शहरांतल्या इमारतींवर गुलाबी दिवे लागतात. इथे ऑक्टोबरात वेचणी लागते.

२.०० – उपकेंद्र. पडदा, खाट, हात धुवायचं बेसिन. नर्सबाई तपासतात, रजिस्टरात लिहितात, चिठ्ठी देतात: यवतमाळ, वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथे सोनोग्राफी, लागली तर सुईची तपासणी. “बहुतेक गाठी साध्याच असतात,” नर्सबाई सांगतात. “पन पाहून घ्या.”

३.३० – परतताना हिशेब. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, २०२३ पासून. नवरा आला तर त्याचं पूर्ण. दोघांचा रोज बुडणार. दुपारचं जेवण. उपचार लागलाच तर जनआरोग्य योजना आहे, पण रेशनकार्डावर तिचं नाव आहे की नाही, ते घरी जाऊन बघायचंय.

६.०० – काटा. बाकीच्यांचा कापूस पंचेचाळीस-पन्नास किलो. काकूंचा एकतीस. तीनशे दहा रुपये.

७.३० – बचत गटाची बैठक. हप्ते जमा होतात, मग ताई विषय काढतात. नाव घेत नाहीत. पण गावात सगळ्यांना ठाऊक झालेलंच असतं. गटातल्या एकीचं ऑपरेशन नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात झालंय. ब्लाउजात एका बाजूला घरच्याच कापसाची उशी शिवून घातलेली. ती म्हणते, “नवऱ्याले राहू द्या घरी. मी जातो संगं. मले मालूम हाय कोन्त्या खिडकीवर उभं राहा लागते.” एकाचा रोज वाचला. गट पाचशे रुपये देतो. एरवी शेकडा दोनचं व्याज. यावर नको, असं ठरतं. सचिवबाई वहीत तसं लिहिते, दोघींचे अंगठे घेते.

९.३० – सात फॉर्म. सत्तर रुपये. वावरातल्या तासाचा, उपकेंद्राच्या फेरीचा रकाना फॉर्मात नाही. रेंज येते-जाते, माहिती चढत नाही. मधेच ताई फोन लावतात.

“काकू, रेशनकार्ड सापडलं का? आधार मूळ घ्या, झेरॉक्स नको. अन् सहाच्या गाडीले उशीर नका करू.”