र. कृ. जोशी : पवईतले अक्षरांचे मास्तर

सरकारी नोकरीसाठी देवनागरी टंकलेखनाची परीक्षा देणाऱ्या मुलांना ‘मंगल’ हे नाव ठाऊक असते. विंडोज २००० बरोबर हा फॉन्ट घरोघरच्या संगणकांत आला आणि पुढे कितीतरी वर्षे परिपत्रके, निविदा, नातेवाइकांची ई-पत्रे त्याच वळणात वाचली गेली. ते वळण ज्यांच्या हातचे, ते रघुनाथ कृष्ण जोशी पवईच्या आयआयटीत शिक्षक होते. तिथे ते आले तेव्हा वयाची पंचेचाळिशी उलटली होती.

जोशींचा जन्म १९३६ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९५६ मध्ये पदविका घेऊन ते जाहिरात संस्थेत लागले, आधी डी. जे. कीमर, नंतर उल्का. उल्कात त्यांची वीसहून अधिक वर्षे गेली. बोधचिन्हे, मथळे, मोहिमा, मुदती आणि ग्राहकाचा नकार या सगळ्यातून अक्षर तावून सुलाखून घ्यायची सवय त्यांना तिथेच लागली. त्याच काळात ते मराठीत दृश्यकविता करत होते. सर्व भारतीय भाषांसाठी ‘देशनागरी’ नावाची एक समाईक लिपीही त्यांनी मांडली. नोकरीत अशा कामाची मागणी कुणी केली नव्हती. १९८३ मध्ये ते पवईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये, म्हणजे आयडीसीत, प्राध्यापक झाले. सत्तावीस वर्षांचा धंद्यातला अनुभव घेऊन माणूस वर्गात येतो, तेव्हा तो अभ्यासक्रम कुठून तरी उसना आणत नाही.

आयडीसीची सुरुवात १९६९ ची. तिची उभारणी करणारे सुधाकर नाडकर्णी हेही जे. जे.चेच विद्यार्थी, पण त्यांची पुढची वाट जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेतून गेली. उल्मचा भर पद्धतीवर होता. आधी वापर समजून घ्यायचा, माणसाचे हात-डोळे कुठे जातात ते पाहायचे, वस्तूचे रूप त्यातून ठरवायचे. नाडकर्णींनी तिथल्या पदविकेला विषय घेतला तो मुंबईच्या दूधकेंद्राचा. परदेशातल्या नामांकित शाळेत बसून आपल्या शहरातल्या पहाटेच्या दूधविक्रीचा विचार करावा, यात मला त्यांच्या पुढच्या सगळ्या शिकवण्याचे बीज दिसते. पवईनंतर गुवाहाटीच्या आयआयटीतला डिझाइन विभागही त्यांनीच उभा केला.

जोशींचा पिंड निराळा. त्यांच्या लेखी अक्षर हे आधी उच्चारण्याचे आणि ऐकण्याचे, मग पाहण्याचे. त्यामुळे सुलेखन शिकवताना हात, श्वास, लय आणि साधन यांच्याकडे ते मुलांचे लक्ष वळवत. बोरूचे टोक कोणत्या बाजूला तिरके कापले आहे यावर रेघ कुठे जाड होणार आणि कुठे बारीक, हे ठरते. देवनागरीचा काप रोमन टाकाच्या उलट असतो. हे पुस्तकात वाचून हाती येत नाही. ते मुलांना कागदाच्या चौकटीबाहेर काढून मोठमोठ्या पृष्ठभागांवर, गटाने, सबंध शरीर हलवून लिहायला लावत. वरून पाहणाऱ्याला तो खेळ वाटेल. पण काना काढताना हात कुठे जोर देतो आणि वेलांटीच्या वळणावर कुठे सैल सुटतो, हे ज्याने खांद्यापर्यंत अनुभवले, त्याला खिळ्याचा किंवा फॉन्टचा आराखडा काढताना चूक चटकन दिसते.

या जाणिवेची खरी कसोटी संगणकावर लागली. ‘मार्मिक’ हा शब्द टाइप करून पाहा. ‘र’ आणि हलन्त आधी उमटवायचे, पण पडद्यावर त्याचा रफार होऊन तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ऱ्हस्व वेलांटी ‘म’नंतर टाइप करायची आणि ती उभी राहते मात्र ‘म’च्या आधी. त्यात जोडाक्षरांची वेगवेगळी रूपे, शिरोरेषेची सलग जुळणी आणि वर-खाली येणाऱ्या मात्रा-उकारांची गर्दी. यंत्राला हे नियम सांगायचे तर लिपीचे व्याकरण आणि हाताचे वळण या दोन्हींची ओळख असलेला माणूस लागतो. जोशी १९९६ पर्यंत आयडीसीत होते. नंतर ते एनसीएसटीत, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईत, संगणक तज्ज्ञांच्या बरोबरीने बसले. ‘मंगल’च्या जोडीने इतर भारतीय लिप्यांचे फॉन्टही त्यांनी विंडोजसाठी केले. ‘रघु’ हा मुक्त परवान्याचा देवनागरी फॉन्ट त्याच कामातला. अखेरच्या वर्षांत ते वेदपठणातल्या स्वरचिन्हांना युनिकोडमध्ये जागा मिळावी म्हणून खटपट करत होते. २००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत त्यांचे निधन झाले. वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग पुढच्याच वर्षी युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत आला.

एकाच आवारात नाडकर्णींची पद्धत आणि जोशींचा हात एकत्र नांदले, हे मला आयडीसीचे सर्वांत मोठे संचित वाटते. दोघांच्या विचारांत अंतर होते, पण दोघेही आधी काम करून मग शिकवायला आले होते आणि शिकवायला लागल्यावरही त्यांनी काम सोडले नाही.

आज डिझाइनच्या अध्यापकपदासाठी पीएच.डी.चा आग्रह वाढतो आहे. संशोधन हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण पदविका आणि पाव शतकाचे काम एवढीच शिदोरी असलेल्या जोशींसारख्या माणसाचा अर्ज छाननीतच बाजूला पडणार असेल, तर ते नुकसान मुलांचे आहे. महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. त्या भरताना फॉन्ट घडवणारे, पाट्या रंगवणारे, पुस्तकांची मांडणी करणारे कसबी लोक निदान काही तासांसाठी तरी वर्गात यावेत, अशी तरतूद कला संचालनालयाने आणि संस्थाचालकांनी करावी.