खटका पडतो, त्याचे कारण शोधा

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील अनेक घरांत एक नेहमीचा अनुभव येतो. सायंकाळी दिवे लागतात, पंखा फिरू लागतो आणि मीटरजवळच्या पेटीतील खटका एकाएकी खाली पडून घरात अंधार होतो. कोणीतरी तो वर करतो. थोड्या वेळाने तो पुन्हा पडतो. दोनचार वेळा असे झाले की खटक्यालाच दोष दिला जातो. ‘खटका नाजूक आहे, मोठा बसवा’ असा सल्ला मिळतो, किंवा खटका काढून तारा थेट जोडल्या जातात. दिवे लागतात खरे, परंतु त्या क्षणापासून ते घर असुरक्षित होते. कारवीच्या कुडाच्या भिंती, लाकडी वासे आणि पेंढ्याने शाकारलेले छप्पर असलेल्या घरात तापलेल्या तारेची एक ठिणगी काय अनर्थ करील, हे सांगावयास नको.

खटका कोणाचे रक्षण करतो?

पूर्वी घरोघरी चिनी मातीचे फ्यूज असत. प्रवाह वाढला की त्यांतील बारीक तार वितळून वीज बंद होई. तार पुन्हा घालावी लागे आणि घाईत जाड तार घातली गेली की संरक्षण संपे. ही उणीव दूर करणारा, पुन्हा वर करता येणारा लहान खटका जर्मनीतील मानहाइम येथे ह्यूगो स्टॉट्झ यांच्या कारखान्यात १९२४ साली तयार झाला. आज तो एम.सी.बी. या नावाने सर्वांच्या परिचयाचा आहे.

या खटक्यात दोन पहारेकरी असतात. दोन धातूंची जोडपट्टी जादा प्रवाहाने हळूहळू तापते, वाकते आणि काही वेळाने खटका पाडते. दुसरा पहारेकरी म्हणजे तारेचे वेटोळे. शॉर्टसर्किट होऊन प्रवाह एकदम अनेकपट वाढला की त्यात चुंबकत्व निर्माण होऊन खटका क्षणार्धात पडतो. हे दोघेही मुख्यतः भिंतीतील तारांचे रक्षण करतात. माणसाला बसणारा झटका त्यांना कळत नाही. त्यासाठी आर.सी.सी.बी. हा वेगळा खटका असतो. जाणारा व परत येणारा प्रवाह यांत तफावत पडली, म्हणजे वीज ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीत जाऊ लागली, की तो पडतो. घरगुती वापरासाठी तो साधारणतः ३० मिलिअँपिअरचा असतो.

पडण्याची वेळ हीच खूण

खटका केव्हा पडतो, यावरून दोषाचे स्वरूप ओळखता येते. वर करताच तो फटकन पडत असेल तर शॉर्टसर्किटची शक्यता मोठी. काही मिनिटांनी पडत असेल तर भार जास्त झाला आहे. पाऊस आला, भिंत ओलावली किंवा कपडे धुण्याचे यंत्र सुरू केले की आर.सी.सी.बी. पडत असेल, तर वीज कोठेतरी गळत आहे.

भाराचा हिशेब प्राथमिक शाळेतील मुलालाही करता येईल. वॅटच्या आकड्याला २३० व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. १० अँपिअरचा खटका सुमारे २,३०० वॅटपर्यंत पुरतो. त्याच वाहिनीवर २,००० वॅटची विजेची शेगडी आणि १,५०० वॅटची पाणी तापविण्याची कांडी एकाच वेळी लावल्यास प्रवाह १५ अँपिअरच्या वर जातो आणि काही मिनिटांत खटका पडतो. येथे उपाय सोपा आहे : दोन्ही उपकरणे एका वेळी लावू नयेत, किंवा त्यांच्यासाठी स्वतंत्र वाहिनी घ्यावी.

दोष शोधण्याचा क्रम

प्रथम हात व पाय कोरडे करावेत. मुख्य खटका बंद करून घरातील प्रत्येक उपकरणाची पिन काढावी. केवळ बटन बंद करणे पुरेसे नाही. बटनाने साधारणपणे एकच तार तुटते आणि दुसऱ्या तारेतून होणाऱ्या गळतीमुळे आर.सी.सी.बी. पडू शकतो. नंतर दिव्यांची व पंख्यांची बटने बंद करून खटका वर करावा. तो टिकला तर एकेक उपकरण जोडत जावे. ज्याच्या वेळी खटका पडेल, तेच उपकरण सदोष. सर्व काही काढलेले असूनही तो पडला, तर दोष तारांत किंवा खटक्यात आहे. येथे घरच्या माणसाचे काम संपते आणि परवानाधारक वायरमनचे सुरू होते. जळका वास, खटक्याची ऊब किंवा भिंतीला झिणझिण्या जाणवल्यास खटका पुन्हा वर करून पाहण्याच्या फंदात पडू नये. मुख्य खटका बंदच ठेवावा.

या भागातील विशेष कारणे

चिंचणीपासून बोर्डीपर्यंतच्या किनारपट्टीवर खारे वारे वाहतात. त्यांमुळे सांधे व स्क्रू गंजतात, ढिले सांधे तापतात आणि खटकाही तापून पडतो. चिकूच्या वाड्यांत विहिरीवरचा पंप सुरू होताच खटका पडत असेल, तर मोटर अडकली आहे काय, कपॅसिटर निकामी झाला आहे काय, हे पाहावे. वाहिनीच्या टोकाला दाब कमी असला तरी मोटर जादा प्रवाह ओढते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसराने भूकंपाचे अनेक धक्के अनुभवले. ज्या भिंतींना तडे गेले असतील, तेथील आतल्या तारांची तपासणी करून घेणे इष्ट, कारण तड्यांतून पाणी तारांपर्यंत पोहोचते. पुष्कळदा पडवीत दिवा लावताना न्यूट्रलऐवजी अर्थिंगची तार जोडली जाते. मग आर.सी.सी.बी. टिकतच नाही आणि अर्थिंगला जोडलेल्या उपकरणांच्या पत्र्यांत वीज उतरण्याचा धोका निर्माण होतो.

हे कदापि करू नये

खटका मोठा केल्याने तार जाड होत नाही. १० अँपिअरसाठी घातलेल्या बारीक तारेवर ३२ अँपिअरचा खटका बसविला तर खटका पडणार नाही, तारच जळेल. दांडी दोरीने बांधून ठेवणेही व्यर्थ आहे, कारण चांगला खटका दांडी धरून ठेवली तरी आतून सुटतो. आर.सी.सी.बी. वगळणे म्हणजे पावसाळ्यात घरातील मुलांच्या जिवाशी खेळणे होय.

ग्रामपंचायत आणि शाळा

आश्रमशाळा, अंगणवाडी व समाजमंदिर येथे एका खटक्यामागे अनेकांचे प्राण असतात. मुख्याध्यापकांनी व ग्रामसेवकांनी आर.सी.सी.बी.वरील ‘टी’ अक्षराचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे; खटका पडला नाही तर तो त्वरित बदलावा. पावसाळ्यापूर्वी तारा व अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे आणि कोणता खटका कोणत्या खोलीचा, हे पेटीवर लिहून ठेवावे. मीटरच्या पुढील जोडणीची जबाबदारी ग्राहकाची असते. खांबावरील किंवा मीटरपर्यंतच्या दोषाची तक्रार महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर करावी.

पडलेला खटका घराला अंधारात टाकतो तो घर वाचविण्यासाठी. त्याचा इशारा दडपून टाकण्याऐवजी त्यामागचे कारण शोधण्याची सवय पाड्यापाड्यांत रुजली, तर घरात आलेली वीज खऱ्या अर्थाने सुखाची ठरेल.