रोव्हर्स चषकाचा धडा

मुंबईत १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक प्रारंभी गोऱ्या पलटणींचीच मिरासदारी होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स संघाने ती मोडली. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिस संघ अजिंक्य ठरला. मात्र १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली, जुन्या चषकांचे महत्त्व ओसरले आणि काही वर्षांतच ही शतकी स्पर्धा बंद पडली. कोल्हापुरात मात्र तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर आजही गर्दी खेचतात, कारण तेथे प्रत्येक पेठेला आपला संघ आहे. नाचणगावसारख्या गावी चषक ठेवू इच्छिणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. आधी मुलांसाठी मैदान राखावे. चषकाचे मागाहून पाहता येईल.