रोलर कोस्टरवर बसण्याआधी आपले शरीर ओळखा

खालापूर तालुक्यात खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीजवळ एप्रिल २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झाले. पुढच्याच वर्षी तिथे वॉटर पार्कही आले. तेव्हापासून कर्जत-खोपोली पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये रोलर कोस्टर हा शब्द नवा राहिलेला नाही. शाळेची सहल निघते, मंडळाची पोरे वर्गणी काढून जातात, मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की त्यांच्यासोबत घरातलेही निघतात. आणि आम्ही आरोग्यफेरीला गेलो की प्रश्न येतात. "ताई, मला बीपीची गोळी चालू आहे, बसू का?" "सूनबाईला तिसरा महिना आहे, ती गेली तर चालेल का?" "पोराला लहानपणी फिट यायची, आता येत नाही, जाऊ द्यावं का?"

मायबहिणींनो, या प्रश्नांची उत्तरे एकत्र द्यावीत म्हणून हा लेख. त्यासाठी आम्हाला सर्वांत जास्त मदत झाली ती आमच्या वस्तीतल्या एका तरुणाच्या वहीची.

छंदाची वही

हा मुलगा खोपोलीत ठेकेदाराकडे कामाला आहे. घर भंडाऱ्याकडचे, कामधंद्यासाठी कर्जतला आलेले. त्याला एकच छंद, रोलर कोस्टर. लहानपणी कार्तिकात साजगावच्या यात्रेतल्या मोठ्या पाळण्यात बसला तिथून हे वेड लागले. शाळेच्या सहलीत गोराईचे एस्सेलवर्ल्ड पाहिले. इमॅजिकातल्या नायट्रोवर पहिल्यांदा बसला तेव्हा उतरून पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. पुढे पैसे साठवून मित्रांबरोबर बंगळुरूच्या वंडरलालाही जाऊन आला. जगात असे छंदी लोक पुष्कळ आहेत. अमेरिकेत तर १९७८ पासून त्यांची संघटना आहे. कोण किती कोस्टरवर बसला याची ते मोजदाद ठेवतात.

आमच्या या मुलाने मोजदाद ठेवली ती शंभर पानी वहीत. कोणता कोस्टर, पुढची सीट की मागची, आधी काय खाल्ले, उतरल्यावर कसे वाटले, सगळे लिहिलेले. एका ठिकाणी लिहिले आहे, "वडापाव खाऊन लगेच बसलो. उलटी." दुसऱ्या ठिकाणी, "सकाळपासून उपाशी. चक्कर आली, डोळ्यापुढे अंधार." आणखी एका पानावर, "पोहे खाऊन दीड तासाने. पाणी भरपूर. काही त्रास नाही." नर्सिंग शिकताना पेशंटचा चार्ट लिहायचे वळण आमच्या हाताला लावले होते. या मुलाला कुणी शिकवले नव्हते, पण त्याने स्वतःच्या शरीराचा चार्टच ठेवला होता.

लोकांना वाटते, असली वेडी पोरे बेफिकीर असतात. वही वाचून आम्हाला उलटे दिसले. तो आम्हाला म्हणाला, "ताई, खांद्यावरचा बार नीट बसला नाही तर मी हात वर करून ऑपरेटरला बोलावतो. बरं वाटत नसेल तर रांगेतून बाहेर येतो. मागचे हसतात. हसू दे." ज्याला पुन्हा पुन्हा बसायचे असते तो शरीराची काळजी घेतो. वर्षातून एकदा जाणारा मात्र तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून अंगात ताप असला तरी बसतो.

वर गेल्यावर शरीरात काय होते?

रोलर कोस्टरच्या डब्यांना सहसा इंजिन नसते. साखळी त्यांना चढावर ओढून नेते आणि माथ्यावर सोडून देते. पुढचे सगळे काम उताराचे. नायट्रो सुमारे ४० मीटर उंच आहे, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढा. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. डब्याला तळ नाही, पाय लोंबकळत राहतात, आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो.

उतार संपून डबे एकदम वर वळतात तेव्हा आपले वजन वाढल्यासारखे होते. मोठ्या कोस्टरवर ते क्षणभर साडेतीन-चार पट भासते. पन्नास किलोच्या बाईला दोनशे किलोचा भार जाणवतो. त्या वेळी रक्त पायांकडे ओढले जाते आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. माथ्यावरून खाली सुटताना उलट होते, अंग हलके होते आणि पोटात गोळा येतो. कानाच्या आत तोल सांभाळणारा छोटा अवयव असतो. डोळे एक सांगतात, हा अवयव दुसरे सांगतो. त्या गोंधळातून मळमळ होते. घाटातल्या एसटीत ज्याला उलटी होते त्याला इथेही होण्याचा संभव जास्त.

हृदयाचे काय? २००७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइमच्या डॉक्टरांनी ५५ निरोगी माणसांना यंत्र लावून मोठ्या कोस्टरवर बसवले. त्यांचे ठोके मिनिटाला नव्वदच्या आसपास होते, ते दीडशेच्या पुढे गेले. ही माणसे जागेवर बसलेली होती, पळत नव्हती. निरोगी हृदय हे सोसते. पण छातीत दुखते, झडपेचा आजार आहे, अँजिओप्लास्टी झाली आहे किंवा बीपी ताब्यात नाही, अशा माणसाच्या हृदयावर हा अचानक ताण येतो.

मानेचेही तसेच. १८९५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला पूर्ण गोल फेरा असलेला कोस्टर चालत होता. त्यावर बसणाऱ्यांच्या माना दुखावत, कारण गोल वळणाच्या तळाशी एकदम जबर झटका बसे. नंतर अभियंत्यांनी तो फेरा पाण्याच्या थेंबासारखा, वर निमुळता आणि खाली पसरट केला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात असा फेरा यशस्वी झाला आणि मग जगभर पसरला. म्हणजे मानेला इजा होते हे ओळखून लोखंडाचा आकार बदलला गेला. आता मान कशी धरायची हे आपल्या हातात आहे. डोके मागे टेकवून ठेवा, नजर समोर ठेवा. वळणावर शेजारच्याकडे बघायला मान वळवू नका.

वहीत एका पानावर "मुतखडा?" असे प्रश्नचिन्ह टाकून लिहिलेले आहे. त्यामागे खरी गोष्ट आहे. अमेरिकेतले डॉ. डेव्हिड वॉर्टिंगर यांनी मूत्रपिंडाचा सिलिकॉनचा नमुना खड्यांसकट बॅगेत घालून डिस्नेच्या पार्कातल्या कोस्टरवर फिरवला. २०१६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. मागच्या सीटवर खडे सुटण्याचे प्रमाण सुमारे ६४ टक्के होते आणि पुढच्या सीटवर १७ टक्के. पण तो नमुना होता, जिवंत माणूस नव्हे, आणि खडेही बारीक होते. तेव्हा मुतखड्याच्या कळा घेऊन कुणी नायट्रोच्या रांगेत उभे राहू नये. आधी सोनोग्राफी करून घ्यावी.

कुणी बसू नये?

प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी पाटी असते. आपण ती वाचत नाही. वाचता येत नसेल तर तिथल्या कामगाराला विचारा, तो आपल्यासारख्याच घरातून आलेला असतो. सर्वसाधारण नियम असे:

• गरोदर बाईने अजिबात बसू नये, महिना कोणताही असो. झटक्याने वार सुटण्याचा धोका असतो. "अजून पोट दिसत नाही" हे कारण चालणार नाही.
• हृदयविकार, ताब्यात नसलेले बीपी, मान-पाठ-मणक्याचा आजार, नुकतेच ऑपरेशन किंवा हाड मोडलेले असेल तर बसू नये. सिझेरियन झालेल्या बाईनेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये.
• फिट येत असतील, औषध चालू असेल किंवा पूर्वी येत होत्या, तर डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.
• ताप, अशक्तपणा, रक्त कमी (हिमोग्लोबिन फार खाली) असेल तर त्या दिवशी नको.
• दारू पिऊन कधीच नाही.
• उंचीच्या पट्टीला मूल पोचत नसेल तर त्याला टाचा वर करायला लावू नका. बार मोठ्या अंगासाठी बनवलेला असतो, लहान अंग त्यातून निसटते.
• ओढणी, पदर, मोकळे केस, लांब माळ बांधून किंवा काढून ठेवा.

यात्रेतल्या तात्पुरत्या पाळण्यांबाबत जास्त सावध राहा. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या कायमच्या पार्कातली झोका घेणारी राइड तुटून २ माणसे गेली आणि अनेक जखमी झाली. कायमच्या जागी असे होते, तर चार दिवसांसाठी उभ्या केलेल्या पाळण्याचे बोल्ट कोण तपासतो, हे आपण ग्रामपंचायतीत विचारले पाहिजे.

घरात सिकलसेल असेल तर

आता वहीतले सर्वांत महत्त्वाचे पान. ते कोस्टरचे नाही, त्या मुलाच्या बहिणीचे आहे.

बहीण अकरावीत. तिला सिकलसेल आहे हे भंडाऱ्याला असतानाच कळले होते, पण कर्जतला आल्यावर फाइल पेटीत तळाशी गेली. डिसेंबरात मैत्रिणींबरोबर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वॉटर पार्कला गेली. चार तास गार पाण्यात होती. ओल्या कपड्यांवर वारा लागत होता. बाटली विकत घ्यावी लागेल आणि लघवीला रांगेत जावे लागेल म्हणून दिवसभरात पेलाभर पाणी प्यायली असेल. रात्री पाय आणि कंबर दुखू लागली. घरच्यांना वाटले, खेळून दमली. शेक दिला, गोळी दिली. पहाटे छातीत दुखू लागले, दम लागला, तेव्हा भावाने आमचे दार वाजवले. १०८ बोलावली. आठ दिवस ती दवाखान्यात होती. बरी होऊन घरी आली.

हा आजार आपल्या समाजाला नवा नाही. १९५८ मध्येच नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या आपल्या लोकांमधल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली होती. विदर्भातून आलेल्या अनेक बौद्ध कुटुंबांत आणि आदिवासींमध्येही तो आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. गारठा, शरीरातले पाणी कमी होणे, फार दमणे, फार ऊन आणि ताप या गोष्टींनी हा त्रास उसळतो. वॉटर पार्कच्या एका दिवसात यातल्या तीन-चार गोष्टी एकत्र येतात.

म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने गार पाण्यात तासन्‌तास राहू नये, ओले कपडे लगेच बदलावेत, तहान नसली तरी दर तासाला पाणी प्यावे, उन्हात रांग धरू नये. मोठ्या कोस्टरबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. अंग दुखू लागले, ताप आला, छातीत दुखले, दम लागला, हात-पाय लुळा वाटला किंवा बोलणे अडखळले, तर सकाळची वाट पाहू नका. वाहकाला (ज्याच्यात अर्धाच दोष असतो) सहसा त्रास होत नाही, तरी त्यानेही पाणी पीत राहावे. मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. त्यामुळे लग्नाआधी तपासणी हवीच.

ती बरी झाल्यावर घरात ठरले, आता पोरीला कुठे पाठवायचे नाही. आम्ही त्याला विरोध केला. आजार आहे म्हणून पोरीचे जग चार भिंतींत कोंडायचे का? तिने स्वतः फाइल घेऊन डॉक्टरांना विचारले. मोठे कोस्टर आणि गार पाणी नको, बाकी पाणी पीत आरामात फिरायला हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. पुढच्या थंडीत ती भावाबरोबर कोरड्या पार्कात गेली. स्वेटर होता, दोन लिटर पाणी पोटात गेले, दुपारी सावलीत तासभर बसली, अंधार पडायच्या आत खोपोलीहून कर्जतची लोकल पकडली. वहीत त्या दिवसाचे पान तिच्या अक्षरात आहे: "सहा राइड. दुखलं नाही. दादा नायट्रोवर तीनदा, मी खालून मोजलं."

निघण्यापूर्वी घरात एवढे करा

आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या. निघताना हलके खा, राइडआधी तास-दीड तास पोटाला आराम द्या. रोजच्या गोळ्या चुकवू नका. आजारपणाची फाइल किंवा तिचा मोबाइलवरचा फोटो सोबत ठेवा, आणि सोबतच्या एका माणसाला आजाराची माहिती द्या. सहलीला जाणाऱ्या मुलाच्या शिक्षकांना ही गोष्ट लेखी कळवा. लपवून मुलाचे भले होत नाही.

घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा अंग सारखे दुखते, मूल वाढत नाही, डोळे पिवळे दिसतात, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन सिकलसेलच्या तपासणीबद्दल विचारा. जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे, तेव्हा तपासणी मागणे हा आपला हक्क आहे. पेटीच्या तळाशी गेलेल्या फाइली आज रात्रीच वर काढा. सहल उद्या असो वा नसो, त्यांचे काम कधीही पडू शकते.