लोखंड कापताना तेल कशाला?

धर्माबादच्या बाजारात मिरची घेऊन जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मिरची विकली की कुणाला लेथच्या दुकानातही जावे लागते. ट्रॅक्टरची पिन झिजलेली असते, नाहीतर पंपाचा शाफ्ट. तिथे जरा थांबून पाहा. लोखंड गरगर फिरते, पोलादी हत्यार त्याला टेकते आणि सुताराच्या रंध्यातून निघावी तशी लोखंडाची ढलपी निघते. कारागीर वरून तेल सोडत असतो.

हे तेल कशाला?

गाडीच्या आसाला वंगण का घालतात हे तुम्हाला सांगायला नको. लेथवर तीच गोष्ट, पण फार जोराची. लोखंड फाटताना तापते. निघालेली ढलपी हत्याराला घासून जाते, तेव्हा आणखी तापते. मग धार नरम पडते आणि बोथट होते. अमेरिकेत टेलर नावाच्या अभियंत्याने १८८० नंतरच्या काही वर्षांत हत्याराच्या टोकावर पाण्याची मोठी धार सोडून पाहिली. काम शेकडा ३० ते ४० जलद होऊ लागले. पण पाण्याने लोखंड गंजते, आणि पाणी काही वंगण नव्हे.

पूर्वी यासाठी जनावरांची चरबी आणि बियांचे तेल वापरीत. पुढे जमिनीतून निघणारे खनिज तेल स्वस्त झाले. आज बहुतेक कारखान्यांत तेच पाण्यात मिसळून दुधासारखे पांढरे करून वापरतात. आपली पोरं वाळूजला, चाकणला मशीनवर जातात. त्यांचे हात पाळीभर त्या पांढऱ्या पाण्यात भिजतात. खाज सुटते, कातडी फुटते. गावी आल्यावर घरचे म्हणतात, तिकडची हवा मानवली नाही. हवेचा काय दोष? नीट शुद्ध न केलेल्या खनिज तेलाने तर कातडीचा कर्करोगही होतो.

बियांच्या तेलाकडे लोक पुन्हा वळतात ते यामुळेच. त्याचा एक गुणही मोठा आहे. गोचीड जशी तोंडाने जनावराला धरते, तसे या तेलाचे सूक्ष्म कण एका टोकाने धातूला धरतात. त्यांचा पातळ थर हत्यार आणि लोखंड यांच्यामध्ये टिकतो. वेल्लोरच्या अध्यापकांचा एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी न गंजणारे पोलाद लेथवर कातले. पाण्यात मिसळायच्या तेलापेक्षा खोबरेलाने हत्यार कमी झिजले आणि काम गुळगुळीत झाले.

मग आपली करडई चालेल का? इथे घाई नको. करडईच्या डब्याच्या तोंडाशी तेल सुकून कसे चिकट होते, ते घरात विचारा. जवसाचे तर त्याहून लवकर सुकते. म्हणून ते रंगात घालतात. मशीनवर असा चिकटा बसला तर कारागीर वैतागेल. एरंडेल सुकत नाही, पण फार दाट. त्यात पातळ तेल मिसळावे लागते. आम्हाला करंजाचे तेल बरे वाटते. ते खायचे नाही, म्हणून चुलीच्या वाट्याचे जात नाही, आणि झाड बांधावरही येते.

बियांचे तेल महाग पडते, ही अडचण खरी. त्यावर आता एक युक्ती निघाली आहे. धार सोडायची नाही. हवेच्या फवाऱ्याबरोबर अगदी थोडे तेल नेमके धारेवर मारायचे. तासाला चहाच्या पेल्याएवढे तेल पुरते. मात्र हा फवारा नाकातोंडात जाऊ देऊ नये. तेल बियांचे आहे म्हणून फुप्फुसाला चालते, असे नाही.

घरी पंपाच्या पाइपला आटे पाडायचे असतील तर एरंडेलाचे चार थेंब सोडा आणि काम झाल्यावर पुसून घ्या. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापते आणि कधी कधी पेटते. उन्हात पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.