खंड्याचं बिऱ्हाड

बँकेच्या नोकरीत माझ्या अकरा बदल्या झाल्या. दर वेळी ट्रकमध्ये काय चढवायचं आणि काय मागे ठेवायचं, याची यादी मीच करत असे. गोदरेजचं कपाट, शिलाईचं मशीन, पुस्तकांची खोकी एका रकान्यात. शेजाऱ्यांना द्यायच्या कुंड्या, लोणच्याच्या बरण्या, मोडकी खाट दुसऱ्यात. या कामात माझा हात इतका बसला होता, की बिऱ्हाड हलवणं म्हणजे यादी करणं, असंच मला वाटू लागलं होतं.

म्हणून 2018 साली लेकीचा फोन आला, ‘‘बाबा, ह्याला बर्लिनला नोकरी मिळालीय, आम्ही तिघंही जाणार,’’ तेव्हा आमच्याकडे क्षणभर गोंधळच उडाला. ‘तिघंही’ हा शब्द ऐकून आमच्या हिच्या चेहऱ्यावर आजीपण उमटलंसुद्धा! पण तिसरा म्हणजे खंड्या. चार वर्षांपूर्वी पुण्यात सिंहगड रस्त्यावर ऐन पावसात सापडलेलं, तांबूस रंगाचं, एक कान दुमडलेलं गावठी पिल्लू. आता तो चांगला वीस किलोंचा झाला होता.

मी सवयीप्रमाणे कागद घेऊन हिशेब मांडला. विमानाचं भाडं, लाकडी पेटारा, तपासण्या, दाखले. आकडा लाखाच्या पुढे गेला. ‘‘एखादं चांगलं घर बघून देऊन टाक त्याला,’’ मी म्हटलं. ‘‘खर्चाला दरमहा पैसे पाठवू.’’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘‘मोत्याला दिलं होतं, तसं?’’

चोवीस वर्षांत हे नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

मोत्या आमच्याकडे होता तो कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी. 1994 साली माझी नाशिकला बदली झाली. रुजू व्हायला सात दिवस, नवं घर पहिल्या मजल्यावर, घरमालक कडक. मोत्याचं नाव मी दुसऱ्या रकान्यात लिहिलं. शाखेतल्या शिपायाने त्याला सांभाळायचं कबूल केलं. लेक तेव्हा आठ वर्षांची. ट्रक निघाला तेव्हा ती मागे बघत होती, मी पुढे बघत होतो. महिन्याने शिपायाचं कार्ड आलं. कुत्रा जेवत नाही, तुमच्या जुन्या घराच्या पायरीवर जाऊन बसतो, काय करू? मी उत्तर पाठवलं नाही. लेकीला सांगितलं, मोत्या मजेत आहे.

तर, खंड्या निघाला. पण कुत्र्याला भारतातून युरोपात नेणं म्हणजे तिकीट काढून पेटाऱ्यात बसवणं नव्हे. आपल्याकडे रेबीज अजून आटोक्यात आलेला नाही, त्यामुळे युरोपीय संघाचे नियम आपल्या कुत्र्यांना कडक लागू होतात. आधी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप. नंतरच रेबीजची लस. हा क्रम उलटला तर लस धरत नाहीत. लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. रक्तातली प्रतिकारशक्ती दर मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक भरली पाहिजे. भरली, तरी लगेच निघता येत नाही. रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. का, तर लशीच्या आधीच रोगाची लागण झालेली असेल, तर बहुधा तेवढ्या अवधीत ती बाहेर पडते. शेवटी सरकारी पशुवैद्यकीय दाखला. धर्मराजाला स्वर्गाच्या दाराशी कुत्र्यापायी एकच परीक्षा द्यावी लागली. आमच्या लेकीने पाच महिने परीक्षाच दिल्या.

आमचे जावई पुढे गेले. लेक आणि खंड्या नोव्हेंबरात पोचले, आणि तिथे खरी परीक्षा सुरू झाली. बर्लिन आपल्यापेक्षा इतकं उत्तरेला आहे, की डिसेंबरात सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि चारच्या सुमारास दिवस मावळतो. जावई सकाळी अंधारात जात, संध्याकाळी अंधारात परत येत. लेकीने इथली चांगली नोकरी सोडलेली. भाषा येत नाही, ओळख कुणाची नाही. ‘‘बाबा, खंड्या नसता तर मी आठ-आठ दिवस दाराबाहेर पडले नसते,’’ हे तिने मला फार नंतर सांगितलं. त्या वेळी फोनवर ती फक्त म्हणायची, ‘‘सगळं छान आहे.’’ मजेत आहे, सगळं छान आहे. खोटं बोलायची ही रीत ती बहुधा माझ्याकडूनच शिकली असावी.

खंड्याला मात्र दिवसातून तीनदा बाहेर न्यावंच लागे, पाऊस असो की बर्फ. तिचं पहिलं जर्मन वाक्य ‘नमस्कार, कसे आहात’ हे नव्हतं. ‘‘नर की मादी?’’ हा तो प्रश्न. तिथे कुत्रेवाली माणसं भेटली की आधी हेच विचारतात. त्याचं उत्तर देता देता ती बोलू लागली.

मग दारावर एक चिठ्ठी चिकटलेली मिळाली. कुत्रा कोणत्या दिवशी किती वाजता किती मिनिटं भुंकला, याचा सुवाच्य तक्ता. लेक घराबाहेर गेली की खंड्या रडत असे. तिथे शांततेचे तास काटेकोर पाळतात. रात्री दहा ते सकाळी सहा तर आवाज नकोच. तिला घर जाईल अशी धास्ती वाटली. वास्तविक कुत्री-मांजरं पाळायला भाडेकरूला सरसकट बंदी घालणारं कलम चालणार नाही, असा निकाल जर्मनीच्या संघीय न्यायालयाने 2013 सालीच दिलेला आहे. पण निकालाने शेजार जुळत नाही. ती शब्दकोश आणि डबाभर बेसनाचे लाडू घेऊन खालच्या मजल्यावर गेली. दार एका पंचाहत्तरीच्या बाईंनी उघडलं. एकट्याच राहणाऱ्या. त्यांचा कुत्रा आदल्या वर्षी गेलेला. पुढच्या महिन्यापासून लेक जर्मनच्या वर्गाला जाई तेव्हा खंड्या त्यांच्याकडे राहू लागला.

2019 च्या मे महिन्यात आम्ही उभयता गेलो, तेव्हा या बाई जिन्यात भेटल्या. खंड्या माझ्या अंगावर उड्या मारत होता. बाईंनी बोट वर करून हुकूम सोडला, ‘‘थांब! बस!’’ अगदी मराठीत. आणि तो बसला! आमची ही इतकी हसली, की तिला जिन्यावर टेकावं लागलं.

मला मात्र तिथल्या व्यवस्थेचंच कौतुक. कुत्र्यावर तिथे कर आहे. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला 120 युरो. प्रशियात 1810 साली चैनीच्या वस्तूंवर कर बसला, त्यांत कुत्राही होता. तेव्हापासूनची ही परंपरा. कर भरला की गळ्यात नंबरचा बिल्ला. दूरच्या रेल्वेगाडीत मोठ्या कुत्र्याला अर्धं तिकीट आणि तोंडाला जाळी. खानावळीत तो बहुधा टेबलाखाली बसू शकतो, किराणा दुकानात नाही. शिवाय पशुवैद्याने दिलेला निळा पासपोर्ट. रस्त्यावर जन्मलेल्या आमच्या खंड्याची कागदपत्रं आमच्यापेक्षा जास्त! तिथे तर नियमच आहे, की कुत्र्याला मोकळ्या हवेत पुरेसं फिरवलं पाहिजे.

ग्रुनेवाल्ड नावाच्या जंगलात एक तळं आहे. तिथे कुत्र्यांना साखळीशिवाय सोडतात. एका रविवारी खंड्या पाण्याच्या कडेने धावत होता आणि आम्ही बापलेक बाकावर बसलो होतो. मी तिला त्या कार्डाबद्दल सांगितलं. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, ‘‘मला माहीत होतं. सातवीत असताना आईने सांगितलं.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘तुम्ही तरी काय करणार होतात, बाबा? सात दिवसांत नव्या गावी हजर व्हायचं होतं तुम्हाला.’’

सबब खरी होती. पण कार्डाचं उत्तर लिहायला पंधरा पैशांचं एक कार्ड पुरलं असतं. ते मी लिहिलं नाही, त्याला बदलीचा हुकूम आड आलेला नव्हता. हे मी तिला बोलून दाखवलं. ती काही म्हणाली नाही. खंड्याला हाक मारली, आणि साखळी माझ्या हातात दिली.

आज आपल्या ओळखीतली अनेक मुलं जोडीने परदेशी निघतात, आणि काहींच्या घरी असा एखादा मुका तिसरा असतो. त्यांच्या आईवडिलांना अनुभवाचे दोन शब्द सांगतो. न्यायचं ठरलं तर तयारी किमान सहा महिने आधी सुरू करायला सांगा. कागद अपुरे असले तर विमानतळावर कुणाचं मन द्रवत नाही. कुत्रा फार म्हातारा किंवा आजारी असेल आणि ठेवायचाच असेल, तर ज्याला तो ओळखतो अशाच माणसाकडे ठेवा. जमलं तर तुम्हीच ठेवून घ्या. आणि त्याची खबर घेत राहा. वाईट खबर आली तर तीसुद्धा वाचा, आणि तिचं उत्तर लिहा.

खंड्याच्या तोंडावरचे केस आता पांढरे झालेत. लेकीला तिथे नोकरी लागूनही बरीच वर्षं झाली. दर रविवारी फोन येतो. आधी लेक, मग जावई. शेवटी ती फोन त्याच्या दुमडलेल्या कानाशी धरते, आणि मी पुण्यातून विचारतो, ‘‘काय खंडेराव, जेवलात का?’’