लोकांना विचारलं की काम अडतं?

हवामान बदलाचा विषय निघाला की चांगली शिकलेली माणसंही सहज बोलून जातात : लोकशाहीच्या घोळात हा प्रश्न सुटायचा नाही, वरून खणखणीत हुकूम सुटला पाहिजे. पाठोपाठ चीनचा दाखला येतो. सौर ऊर्जेत चीनने सगळ्या जगाला मागे टाकलं, हे खरंच आहे. पण जगात जळणाऱ्या कोळशातला निम्म्याहून अधिक कोळसाही चीनमध्येच जळतो. तिथल्या प्रदूषणावर चाय चिंग या पत्रकार बाईंनी २०१५ साली केलेला माहितीपट कोट्यवधी लोकांनी पाहिला आणि काही दिवसांतच तो इंटरनेटवरून गायब करण्यात आला.

हुकूम लवकर सुटतो, पण तो चुकला तर वर सांगायचं कोणी? १९५९ ते ६१ या काळात चीनमध्ये अधिकारी पिकाचे फुगवलेले आकडे वर कळवत राहिले आणि कोट्यवधी माणसं उपासमारीने मेली. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळही भीषण होता. मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेली, कामावर खडी फोडलेली माणसं आजही गावोगाव भेटतात. पण इथे मोर्चे निघत होते, वर्तमानपत्रं लिहीत होती, विधिमंडळात सरकारला जाब विचारला जात होता. काम मागणाऱ्याला काम द्यायचं, ही विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांची कल्पना त्या रेट्यातून महाराष्ट्रभर उभी राहिली. तिच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. लोकशाही आणि मुक्त वर्तमानपत्रं असलेल्या देशात मोठ्या प्रमाणावर भूकबळी जात नाहीत, असं अमर्त्य सेन सांगत आले आहेत. दुष्काळ, पूर, उष्णतेच्या लाटा वाढत जाणार असताना ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

दुसरा गैरसमज आपल्या अगदी दारातला आहे : ‘गाडगीळ अहवाल लोकांनीच फेटाळला.’

माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला दिला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तो दाबून ठेवला. माहितीच्या अधिकारात अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करायला सांगितलं, तरीही मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथे हरल्यावर मे २०१२ मध्ये अहवाल संकेतस्थळावर आला, तोही इंग्रजीत. तोवर गावागावांत बातमी पसरली होती की घरावर कौलं घालायलाही परवानगी लागणार, गुरं विकावी लागणार. अहवालात नेमकं काय होतं? कुठल्या भागाला किती संरक्षण द्यायचं, हे ग्रामसभांशी बोलून ठरवा, असा त्याचा आग्रह होता. आमचा भाग परिसर-संवेदनशील जाहीर करा, अशी मागणी सिंधुदुर्गातल्या २५हून अधिक ग्रामसभांनी आपणहून केल्याची नोंदही त्यात आहे. जे लोकांना वाचायलाच मिळालं नाही, ते लोकांनी फेटाळलं असं म्हणणं हा त्या गावांवर अन्याय आहे. पुढे केंद्रानेच नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने संरक्षित क्षेत्र बरंच कमी केलं, मसुद्यांवर मसुदे निघाले. वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं गेली ती ३० जुलै २०२४ ला. सहाव्या मसुद्यावर तारीख आहे ३१ जुलैची.

म्हणूनच प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्याआधी होणारी ‘जनसुनावणी म्हणजे नुसता उपचार’ हे मत मला मान्य नाही. उपचार ती केली जाते, कायद्यात ती तशी नाही. पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकनाबाबतच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो, सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण करावं लागतं आणि शेवटी इतिवृत्त लोकांसमोर त्यांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. तिला गणपूर्तीची अटही नाही. दहा माणसं आली तरी त्यांचं म्हणणं नोंदवलंच पाहिजे. हे काहीच कामाचं नसतं, तर याच अधिसूचनेच्या २०२० च्या नव्या मसुद्यात ३० दिवसांचे २० करण्याचा प्रस्ताव आला कशाला असता? त्या मसुद्यावर देशभरातून लाखो हरकती गेल्या.

आता उलट बाजूचा गैरसमज. निवडणुका होतात म्हणजे हवामानाची काळजी आपोआप घेतली जाते, असं मुळीच नाही. अमेरिका २०२० मध्ये पॅरिस करारातून बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली, २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. सत्ता बदलली की धोरण उलटतं. पाच वर्षांतून एकदा मत दिल्याने ते थांबत नाही. मधल्या काळात धोरण धरून ठेवणारी माणसं लागतात.

असं धरून ठेवणं गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने करून दाखवलं आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते. वेळ लागतो, पण एकदा ठरलं की राखण करायला सगळं गाव असतं. बांबू कधी तोडायचा, कुणाला विकायचा, हे ग्रामसभा ठरवते. त्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखात्याऐवजी ग्रामसभेने द्यायचा, हा अधिकार मिळवायला मात्र हक्क मिळाल्यानंतरही बराच काळ झगडावं लागलं. २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा कुठे परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती पडलं.